मदत बिलाला की घराला?

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाचे नाव काहीसे रूक्ष आहे. 'गरजू कुटुंबांच्या घरांची ऊर्जाक्षमता' असे ते निमंत्रणपत्रिकेवर छापले आहे. ते वाचूनही आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. नाव रूक्ष असले, तरी विषय आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. कोकणात मृग लागण्यापूर्वी घर शाकारतात. फुटकी कौले बदलायची, सरकलेली सारखी करायची, पडवीला झडी बांधायची. हे काम वेळेवर झाले नाही, तर चार महिने घरभर पातेली मांडून बसावे लागते. ज्याच्या घरी कर्ती माणसे आहेत, त्याचे घर वेळेत शाकारले जाते. एकट्या म्हातारीचे घर मात्र राहून जाते, आणि मग शेजारची चार माणसे जाऊन ते शाकारून देतात.

अमेरिकेत याच कामाला 'वेदरायझेशन' म्हणतात. तेथे पावसाऐवजी थंडीशी सामना असतो, एवढाच फरक. फटी बुजवायच्या, भिंतीत आणि माळ्यावर उष्णता अडवणारा थर घालायचा, घर तापवणारी भट्टी दुरुस्त करायची. आणि एकट्या म्हातारीचे घर शाकारून देण्याचे हे काम तेथे १९७६ सालापासून सरकारी खर्चाने चालू आहे. या दीर्घ अनुभवात यश आहे, तसेच अपयशही आहे. दोन्ही आपल्या उपयोगाचे आहे, म्हणून तो आज आपल्यापुढे मांडणार आहे.

दुसरी अमेरिका

आपल्यापैकी अनेकांची मुले-बाळे अमेरिकेत आहेत. हिवाळ्यात त्यांच्याकडे जाऊन आलेली मंडळी कौतुकाने सांगतात, की बाहेर गुडघाभर बर्फ असले तरी घरात साध्या सदऱ्यावर वावरता येते. हे खरेच आहे. पण ही एक अमेरिका झाली. दुसरी अमेरिका जुन्या लाकडी घरांत आणि 'मोबाइल होम' म्हणतात त्या पातळ भिंतींच्या घरांत राहते. अमेरिकी सरकारच्याच ऊर्जाविषयक पाहणीनुसार, २०२० साली सुमारे ३ कोटी ४० लाख कुटुंबांना, म्हणजे एकूण कुटुंबांपैकी २७ टक्क्यांना, ऊर्जेची बिले भरणे जड गेले किंवा खर्चापायी घर अपायकारक तापमानात ठेवावे लागले. दर पाचांतील एका कुटुंबाने बिल भरण्यासाठी अन्न किंवा औषध यांसारख्या गरजेच्या गोष्टींना कात्री लावली. जगातील सर्वांत श्रीमंत देशातील ही स्थिती आहे.

याच्या मुळाशी एक साधे गणित आहे. गरिबाचे घर लहान असते. मग त्याचे बिलही लहान असायला हवे. प्रत्यक्षात त्याचे घर जुने, भिंती पोकळ, खिडक्या सैल आणि भट्टी कालबाह्य असते. श्रीमंताच्या घरात एकदा आलेली ऊब टिकते, गरिबाच्या घरातील ऊब फटींतून बाहेर जाते आणि ती पुन्हा विकत घ्यावी लागते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या एका अंदाजानुसार, सामान्य कुटुंब उत्पन्नाच्या सुमारे तीन टक्के रक्कम घरातील ऊर्जेवर खर्च करते, तर अल्प उत्पन्न गटातील कुटुंब आठ ते नऊ टक्के. ज्याच्यापाशी कमी आहे, त्याला त्या कमीतूनच अधिक द्यावे लागते. घर दुरुस्त केले तर हे थांबेल, हे त्यालाही कळते. पण दुरुस्तीला लागणारी रक्कम एकदम उभी करणे त्याला शक्य नसते. म्हणून तो दरमहा दंड भरल्यासारखे बिल भरत राहतो.

तेलाच्या टंचाईतून

या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष गेले ते संकटामुळे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास होता, तो जवळजवळ चौपट झाला. ईशान्येकडील मेन राज्यात बहुतेक घरे तेलाच्या भट्टीवर तापत. तेथील स्थानिक सेवासंस्थांनी त्याच हिवाळ्यात गरिबांच्या खिडक्यांना प्लास्टिकचे कागद लावण्याचे, दारांच्या फटी बुजवण्याचे काम हाती घेतले. देशव्यापी योजनेचा उगम येथे आहे. ऑगस्ट १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या कारकिर्दीत ऊर्जा बचतीचा कायदा झाला आणि त्यात अल्प उत्पन्न कुटुंबांच्या घरांसाठी ही योजना समाविष्ट झाली.

प्रारंभीचे काम अगदीच तात्पुरते होते. एक हिवाळा निघाला म्हणजे झाले, अशी दृष्टी होती. प्लास्टिकचा कागद पुढच्या वर्षी फाटत असे. हळूहळू अनुभवाने शहाणपण आले. १९८४ साली भट्टीच्या दुरुस्तीला परवानगी मिळाली. १९९४ साली उष्ण प्रदेशांत घर थंड ठेवण्याचे उपायही योजनेत आले. आजवर सत्तर लाखांहून अधिक घरांचे काम या योजनेतून झाले आहे. २००९ च्या आर्थिक मंदीत बेरोजगारांना काम मिळावे म्हणून तिला एकदम पाच अब्ज डॉलर मिळाले, आणि २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने आणखी साडेतीन अब्ज.

घराची नाडीपरीक्षा

काम प्रत्यक्षात कसे चालते, हे पाहण्यासारखे आहे. कुटुंबाचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या दुपटीच्या आत असेल, तर ते पात्र ठरते. वृद्ध, अपंग आणि लहान मुले असलेल्या घरांना प्राधान्य मिळते. घर भाड्याचे असेल, तर मालकाची संमती घेतली जाते आणि या कामाचे निमित्त करून तो भाडे वाढवणार नाही, अशी तजवीज केली जाते.

मग परीक्षक येतो. तो मुख्य दाराच्या चौकटीत एक मोठा पंखा घट्ट बसवतो आणि घरातील हवा बाहेर खेचतो. आतला दाब कमी झाला की प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत धावू लागते. हात लावला तरी जाणवते. घर किती गळते, याचे मोजमाप यंत्रावर दिसते. उष्णतेचे चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून भिंतीतील थंड पट्टे डोळ्यांना दिसतात. घरमालक बहुधा खिडकीला दोष देत असतो. पुष्कळदा खरी गळती असते माळ्यावर, धुराड्याभोवती आणि पाइप ज्या भोकांतून जातात तेथे. वैद्य जसा रोग्याच्या तक्रारीवर न थांबता नाडी पाहतो, तसा हा प्रकार आहे.

निदान झाल्यावर कोणत्या कामावर किती खर्च आणि त्यातून किती बचत, याचा हिशेब मांडून कामे ठरतात. २०२२ साली एका घरामागे सरासरी सुमारे आठ हजार डॉलरची मर्यादा होती. भिंतीच्या पोकळीत आणि माळ्यावर भरला जाणारा एक पदार्थ तर वर्तमानपत्राच्या रद्दीपासून बनतो. रद्दी बारीक दळून, ती पेटू नये म्हणून त्यावर बोरेटचा संस्कार करतात आणि नळीने भिंतीत फुंकतात. वर्तमानपत्रात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला, आपल्या लेखनाचा असाही उपयोग होतो हे समजल्यावर समाधान वाटले!

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळली जाते. घर घट्ट केले की आतला धूर आणि ओल कोंडण्याचा धोका असतो. म्हणून भट्टीचा विषारी वायू घरात येत नाही ना, हे तपासतात आणि हवा खेळती राहण्याची सोय करतात. काम संपल्यावर निरीक्षक पुन्हा येतो आणि त्याने पाहिल्यानंतरच ते पूर्ण झाल्याची नोंद होते.

फुटकी घागर

अमेरिकेत या योजनेला समांतर दुसरी एक योजना १९८१ पासून आहे. ती गरिबांची बिले भरण्यास साहाय्य करते. अलीकडच्या वर्षांत या बिलयोजनेवर सुमारे चार अब्ज डॉलर खर्च झाले, तर घर सुधारण्याच्या योजनेची नियमित वार्षिक तरतूद तेहतीस कोटी डॉलरच्या आसपास राहिली, म्हणजे एक दशांशाहून कमी. बिलयोजनेतील काही हिस्सा राज्यांना घरांच्या कामाकडे वळवता येतो, पण मुख्य प्रवाह बिलाकडेच आहे.

बिलाला मदत करू नये, असे माझे म्हणणे नाही. जानेवारीच्या कडाक्यात वीज किंवा गॅस तुटलेल्या वृद्धेला 'आधी भिंत दुरुस्त करू' असे सांगणे हा निर्दयपणा ठरेल. पण बिलाची मदत त्या हिवाळ्यापुरती असते. पुढच्या वर्षी तीच वृद्धा, तीच फट आणि तोच अर्ज. घागर फुटकी असताना पाणी ओतत राहावे, असे हे आहे. घरात घातलेला थर मात्र वर्षानुवर्षे राहतो. ऊर्जा विभागाच्या म्हणण्याप्रमाणे, काम झालेल्या कुटुंबाची वर्षाला सरासरी ३७२ डॉलर वा अधिक बचत होते. मग राज्यकर्त्यांना बिलाचीच मदत अधिक का सुचते? कारण ती चटकन देता येते आणि लगेच दिसते. भिंतीच्या आत भरलेली रद्दी कुणाला दिसत नाही. तिचे उद्घाटनही होत नाही.

आक्षेप आणि त्यातून मिळालेला धडा

या योजनेवर टीकाही झाली आहे. २०१७ नंतरच्या अनेक अंदाजपत्रकांत व्हाइट हाउसने ती बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. काँग्रेसने निधी चालू ठेवला. राजकारण बाजूला ठेवू. पण अभ्यासकांचा एक आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. मिशिगन राज्यातील तीस हजारांहून अधिक कुटुंबांवर मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरीन वुल्फ्राम या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले, की कामावर झालेला खर्च प्रत्यक्ष ऊर्जाबचतीच्या सुमारे दुप्पट होता, आणि संगणकी हिशेबाने वर्तवलेली बचत प्रत्यक्षाच्या तिपटीहून अधिक होती.

योजनेचे समर्थक यावर सांगतात, की एका राज्यावरून सर्व देशाचा निष्कर्ष काढू नये आणि केवळ इंधनाची बचत मोजू नये. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने केलेल्या देशव्यापी मूल्यमापनात आरोग्याचे लाभही धरले होते. दमेकरी मुलाची रुग्णालयाची फेरी टळली किंवा आईचा कामाचा खाडा वाचला, तर त्याचे मोल बिलात उमटत नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. घर सुधारणे हे केवळ इंधन वाचवण्याचे साधन मानले, तर हिशेब तोकडा पडू शकतो. पण वृद्धाने स्वतःच्या घरात थंडीने कुडकुडू नये, हा हेतू धरला तर तो केवळ इंधनाच्या तराजूत तोलता येत नाही. मात्र बचतीचे आकडे फुगवून सांगण्याचा अधिकार सद्हेतूलाही नाही. जे काम झाले, ते नंतर मोजलेच पाहिजे.

याच अभ्यासातील दुसरी बाब मला त्याहून महत्त्वाची वाटते. संशोधकांनी काही हजार पात्र कुटुंबांपर्यंत माणसे पाठवली, दूरध्वनी केले, अर्ज भरण्यास मदत केली. काम पूर्णपणे विनामूल्य होते. तरीही या खटपटीनंतर जेमतेम सहा टक्के कुटुंबांनी त्याचा लाभ घेतला. ज्यांच्याकडे कुणी गेले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होते. फुकट मिळणारी गोष्ट शंभरांतील चौऱ्याण्णव जण घेत नाहीत, हे कसे?

उत्तर अवघड नाही. उत्पन्नाचे दाखले गोळा करायचे, परीक्षकासाठी, कामगारांसाठी, निरीक्षकासाठी रोजंदारी बुडवून घरी थांबायचे, अनोळखी माणसांना माळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. गरीब माणसाला आयुष्याने एक शिकवलेले असते, की दारात येऊन फुकट देणारा बहुधा काहीतरी न्यायला आलेला असतो. त्यात आणखी एक विटंबना अशी, की जी घरे सर्वाधिक मोडकळीस आलेली असतात, त्यांचेच काम परत फिरवले जाते. छप्पर गळत असेल, भिंतीला बुरशी असेल, विजेच्या तारा जीर्ण असतील, तर त्यावर थर घालणे धोक्याचे; आणि ती मूळ दुरुस्ती योजनेत बसत नाही. २०२२ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने अशा मूळ दुरुस्तीसाठी साडेबारा कोटी डॉलर वेगळे काढले, केंद्रानेही त्याच वर्षी छोटा पूर्वतयारी निधी सुरू केला. पंचेचाळीस वर्षांनंतर हे सुचले. अखेरच्या पायरीवरील माणसाला डोळ्यांपुढे ठेवून नियम केले नाहीत, तर त्याचीच पायरी नियमांतून गळते.

आपल्या डोक्यावरचा पत्रा

आता आपल्याकडे वळू. हिमवर्षाव आपला प्रश्न नाही. पण ऋतूपासून घराने माणसाचे रक्षण करावे, ही अपेक्षा येथेही तीच आहे. आपला शत्रू वैशाखातील ऊन आहे आणि आपली फट म्हणजे डोक्यावरचा पत्रा. सेवावस्तीतील पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी जो गेला असेल, त्याला अधिक सांगायला नको. सूर्य माथ्यावर असताना सर्वाधिक ऊन छप्परच घेते, पातळ पत्रा तापतो आणि तीच उष्णता खाली फेकतो. सिमेंटचा स्लॅब असेल, तर तो दिवसभर साठवलेली उष्णता रात्री सोडतो. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या भगिनींना दुपारी थंड कार्यालयात जाण्याची सोय नसते. त्यांचे घर हाच त्यांचा कारखाना असतो.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. मराठवाड्यातील माळवदाची घरे उन्हाळ्यात गार राहत. पण केवळ जुन्याचे गुणगान करून भागणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद यांनीच हजारोंचा जीव घेतला. हलके छप्पर सुरक्षित आहे. ते तापू नये, एवढीच अडचण आहे आणि तिच्यावर उपाय आहे.

अहमदाबादने तो करून पाहिला. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासात दिसून आले. त्यानंतर २०१३ साली महापालिकेने दक्षिण आशियातील पहिली उष्णता कृती योजना आखली आणि २०१७ साली गरीब वस्त्यांतील सुमारे तीन हजार छपरांना ऊन परतवणारा पांढरा लेप दिला. अशा लेपाने घरातील तापमान दोन ते पाच अंशांनी उतरते, असा अनुभव आहे. तेलंगणने एप्रिल २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

उजाला योजनेचे यशही आपल्यासमोर आहे. जानेवारी २०१५ मध्ये ती सुरू झाली, सरकारने घाऊक खरेदी केल्याने २०१४ मध्ये तीनशे रुपयांच्या पुढे असलेली एलईडी दिव्याची खरेदी किंमत दोन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आली, आणि छत्तीस कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. दिवा यशस्वी झाला, कारण तो माणूस स्वतः घरी नेऊन लावू शकत होता. पंख्याचे तसे नाही. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज खातो, नवा कार्यक्षम पंखा ३५ वॉटच्या आत भागवतो. रोज बारा तास धरले, तर महिन्याला चौदा युनिटांची बचत होते. पण तो पंखा साध्याहून बराच महाग आहे. म्हणजे बचत करण्याची संधी पुन्हा ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत, त्यालाच. आणि छप्पर तर पंख्याहूनही अवघड, कारण तेथे कुणीतरी वर चढावे लागते.

चार माणसे लागतात

येथे कार्यकर्त्यांचा संबंध येतो. सरकारने निधी द्यावा, महापालिकेने धोरण करावे, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण मिशिगनचा अनुभव सांगतो, की पैसा आणि तंत्र असूनही उंबरठा ओलांडला जात नाही. तो ओलांडायला ओळखीचा माणूस लागतो. ज्या वस्तीत आपला अभ्यासवर्ग चालतो, आरोग्य केंद्र चालते, तेथे ही ओळख आधीच आहे. ती याही कामाला लावता येईल.

फाल्गुनात एक गल्ली निवडावी. कुठे साधा पत्रा, कुठे सिमेंटचा पत्रा, कुठे स्लॅब, याची नोंद करावी. वृद्ध, बाळंतीण, आजारी आणि घरी बसून काम करणाऱ्यांची घरे आधी घ्यावीत. भाड्याच्या खोलीचा मालक गाठून त्याची संमती आणि भाडे न वाढवण्याचा शब्द घ्यावा. स्लॅबवर चुन्याचे दोन हात चालतात. पत्र्यावर साधा चुना फार काळ धरत नाही, तेथे परावर्तक रंग घ्यावा. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो आणि जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो घासू नये, त्यावर थेट पाय देऊ नये, अनुभवी माणसालाच फळी टाकून चढू द्यावे. गळका पत्रा आधी दुरुस्त करावा. तो गळतो म्हणून घर यादीतून वगळू नये. आणि रंगवलेल्या व न रंगवलेल्या खोल्यांत साधा तापमापक टांगून महिनाभर नोंद ठेवावी. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला, तर तो कमीच लिहावा. प्रामाणिक नोंद घेऊन महापालिकेकडे गेलो, तर आपल्या मागणीला वजन येईल.

अमेरिकेने या कामासाठी कायदा केला, यंत्रे बनवली, अब्जावधी डॉलर दिले. एवढे करूनही, बहुतेक दारांवर थाप देणारा ओळखीचा हात तिला पुरवता आला नाही. आपल्याकडे पैसा कमी आहे, पण असे हात आहेत. या वर्षीचा उन्हाळा सुरू झालाच आहे. निदान पुढच्या फाल्गुनात आपापल्या भागातील एक गल्ली शाकारून द्यावी, एवढी विनंती करून थांबतो.